चौथ्या नंबरचं पाणी

वाशिम जिल्ह्यातलं पाणी दोन दिशांना पांगतं. इथे उगम पावणारी काटेपूर्णा पूर्णेमार्गे तापीला मिळते, तर पैनगंगा गोदावरीच्या खोऱ्यात जाते. माथ्यावरच्या अशा मुलखात पाणी अडवल्याशिवाय टिकत नाही. म्हणून वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेल्या या गावात, म्हणजे जुन्या वत्सगुल्मात, आजही तळ्यांनाच मान आहे. एक पद्मतीर्थ, दुसरा अठराव्या शतकात भवानी काळूंनी बालाजी मंदिरासोबत बांधलेला देवतलाव. अशा तळ्यावर स्नान, पूजा आणि पायऱ्यांवरच्या गप्पा एकाच पाण्यात भागतात.

मग धरणं आली. एकबुर्जीचं पाणी वाशिम शहर पितं, कारंज्याकडे अडाण धरण आहे. इथे हिशेब दलघमीत होतो: इतकं नळाला, इतकं शेताला. काठावर फिरायला येणारी माणसं आणि हिवाळ्यात उतरणारी बदकं त्या हिशेबात नसतात.

कागदावर त्यांना जागा मिळायला वेळ लागला. 1987 च्या राष्ट्रीय जलनीतीच्या प्राधान्यक्रमात पर्यावरण नव्हतंच. 2002 मध्ये ते चौथं आलं. 2003 च्या राज्य जलनीतीत पर्यावरण आणि मनोरंजन एकत्र होते, तेही चौथ्याच नंबरवर. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. प्राधान्याच्या रांगेत वरची कामं संपतच नसतील, तर खालच्या कामाचा नंबर कधीच लागत नाही. दुष्काळात रांग अशीच अडते, आणि तहानलेल्या गावाला आधी पाणी मिळणं योग्यच आहे.

पण पक्ष्यांना धरणभर पाणी लागतच नाही. गोदावरी-कादवा संगमावरचा नांदूर मध्यमेश्वर बंधारा सिंचनासाठी बांधला. त्यात गाळ साचला, उथळ बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. 2020 मध्ये तेच महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. इंजिनिअरच्या लेखी जो बिघाड, तो पक्ष्यांच्या लेखी निवारा ठरला.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ शेतात जातो, साठा वाढतो; ते हवंच आहे. मात्र जेसीबीने चारही बाजू उभ्या कापल्या, किंवा सुशोभीकरणात काठाला सिमेंटची भिंत बांधली, तर चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्याला उभं राहायलाही जागा उरत नाही. एक बाजू उतरती आणि उथळ ठेवायची, फिरायची वाट दुसऱ्या बाजूने न्यायची. एवढं केलं, तर चौथ्या नंबरवाल्यांसाठी वरच्या तिघांचं पाणी फारसं तोडावं लागणार नाही. त्यांना काठ हवा आहे, आणि काठ दलघमीत मोजला जात नाही.