पाण्याखाली ऐकणारे शास्त्रज्ञ



दुसऱ्या महायुद्धातील शास्त्रज्ञांचा विषय निघाला की रडारचे नाव प्रथम येते. परंतु रडारच्या रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात शिरून दूर जाऊ शकत नाहीत. बुडी मारलेली पाणबुडी शोधायची तर आधार ध्वनीचाच. त्या कामाचा आपल्या स्टेट कॉलेजशी निकटचा संबंध आहे.

1941 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात पाण्याखालील ध्वनीच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा सुरू झाली. टेड हंट तिचे प्रमुख होते. एरिक वॉकर हे त्यांचे सहकारी. 1910 साली इंग्लंडात जन्मलेले हे विद्युत अभियंते सैनिक नव्हते. ब्रिटनला धान्य व इंधन नेणारी जहाजे त्या काळी जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये बुडवीत होत्या. हार्वर्ड आणि बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी विमानातून टाकावयाचा, आवाजाचा माग काढणारा टॉर्पेडो घडविला. त्याच्या अंगावर चार श्रवणयंत्रे असत. ज्या बाजूचा आवाज मोठा, तिकडे सुकाणू वळे. छातीच्या दोन्ही बाजूंस स्टेथोस्कोप लावून आम्ही परिचारिका आवाजाची तुलना करतो, तसेच काहीसे. गुप्ततेसाठी त्याला ‘मार्क 24 सुरुंग’ म्हणत. मे 1943 मध्ये त्याने पहिली पाणबुडी बुडविली. युद्ध संपेपर्यंत ही संख्या 37 वर गेली.

1945 मध्ये वॉकर पेन स्टेटमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे विभागप्रमुख म्हणून आले. त्यांच्यामागोमाग हार्वर्डचे अनेक सहकारीही आले आणि नौदलासाठी येथे प्रयोगशाळा उभी राहिली. 1949 साली 48 इंच व्यासाचा जलबोगदा तयार झाला. त्यात प्रतिकृती स्थिर ठेवून तिच्याभोवती पाणी वेगाने खेळवितात. युद्धात कामी आलेले या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी गारफील्ड थॉमस यांचे नाव त्याला दिले आहे. वॉकर 1956 ते 1970 विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत, विद्यार्थ्यांनी याच प्रयोगशाळेविरुद्ध निदर्शने केली.

विद्यापीठाने शस्त्रे घडवावीत काय? हिटलर जिंकला असता तर यहुदी समाजाचे काय झाले असते, हे आपणांस सांगावयास नको. अटलांटिकचा मार्ग खुला राहणे ही आपल्याही जीविताची गोष्ट होती. त्या शास्त्रज्ञांचे ऋण मी मानते. तथापि बुडालेल्या प्रत्येक पाणबुडीत कुणा मातांचे पुत्र होते. रुग्णशय्येजवळ मी कधी कुणाचा पक्ष विचारला नाही. म्हणून त्या विद्यार्थ्यांचा प्रश्नही मला गैर वाटत नाही. 1943 चे उत्तर 1970 ला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. प्रत्येक युद्धात तो प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

ध्वनीचे दुसरे रूपही लक्षात ठेवावे. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी 1958 मध्ये ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीतून उदरातील चित्र मिळविण्याचे आपले काम प्रसिद्ध केले. पाणबुडीचा ठाव घेणारे तत्त्व गर्भातील बाळाचा ठाव घेऊ लागले. त्या यंत्राने किती मातांची चिंता हलकी केली, हे प्रसूतिगृहात काम केलेल्या कुणासही ठाऊक आहे.