मेरामॅक गुहा
अमेरिकेच्या मिसूरी राज्यात स्टँटनजवळ मेरामॅक नदीकाठी असलेली चुनखडकातील गुहा. पूर्वी येथून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढत. १९३० च्या दशकात लेस्टर डिल याने ती पर्यटकांना खुली केली. रूट ६६ या महामार्गावरचे प्रवासी ओढण्यासाठी त्याने इतर राज्यांतही शेतकऱ्यांच्या कोठारांवर जाहिराती रंगवल्या. इतकेच नव्हे, तर आवारात उभ्या मोटारींच्या बंपरला गुहेच्या नावाच्या पाट्या बांधल्या जात. गाडीचा मालक गुहा पाहून येईपर्यंत गाडी फिरती जाहिरात झालेली असे! दरोडेखोर जेसी जेम्स येथे लपल्याची कथा पुराव्यापेक्षा तिकीटविक्रीच्या अधिक उपयोगाची. पाझरत्या पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेट साचून घडलेला, सुमारे ७० फूट उंचीचा ‘रंगमंचाचा पडदा’ मात्र अस्सल आहे. त्यावर रंगीत दिव्यांचे झोत टाकून देशभक्तिपर गीत ऐकवतात.