टाकाचे वळण आणि शिशाचा खिळा

लग्नपत्रिकेवर किंवा देवस्थानाच्या स्मरणिकेवर रोमन लिपीतील लांब शेपट्यांची, लपेटदार अक्षरे वाचकांनी पाहिली असतील. त्या जातीतील ‘झाफिनो’ या अक्षरमालेस जन्मास येण्यासाठी चौपन्न वर्षे लागली.

तिचे कर्ते हेर्मान झाफ यांचा जन्म १९१८ साली न्यूरेंबर्ग येथे झाला. वडील कामगार संघटनेतले. १९३३ मध्ये नाझी सत्ता येताच त्यांची नोकरी गेली व काही काळ दाखाऊच्या छावणीत काढावा लागला. मुलास विद्युत अभियंता व्हावयाचे होते, पण राजकारणामुळे तंत्रविद्यालयाचे दार बंद झाले. उमेदवारी करीत असता १९३५ साली त्याने रुडॉल्फ कॉख यांच्या अक्षरकृतींचे प्रदर्शन पाहिले, आणि पुस्तके समोर ठेवून तो आपणच टाक चालविण्यास शिकला. गुरू असा कोणी नव्हताच. पुढे युद्धात नकाशे काढण्याच्या कामावर असता, १९४४ मध्ये फ्रान्समध्ये, त्याने एका वहीत मुक्त हाताने वर्णमाला रेखाटली.

ती छापात का उतरेना? खिळा चौकोनी, टाकाचा फराटा त्या चौकटीबाहेर जाऊ पाहतो. बाहेर काढलेला शिशाचा नाजूक भाग दाबाखाली मोडतो. (मात्रा, वेलांट्या व उकार जुळविताना आपल्या जुळाऱ्यांनाही ही अडचण काही नवी नव्हती.) युद्धानंतर स्टेंपेल ओतशाळेसाठी झाफ यांनी ‘विर्तुओसा’ केली, तीत लपेटींना कात्री लावावीच लागली.

१९९३ मध्ये डेव्हिड सीगल या अमेरिकन तरुणाने संगणकावर सुलेखन उतरविण्याची कल्पना त्यांना पत्राने कळविली, तेव्हा झाफ यांना ती वही आठवली. सीगल मध्येच बाजूस झाला. अखेर १९९८ साली लिनोटाइपने चार संचांत ही अक्षरे प्रसिद्ध केली. एकाच अक्षराची अनेक रूपे, म्हणून ओळ हाताने लिहिल्यासारखी वाटते.

आता वकील म्हणून एक शब्द. अक्षराकृतीस अमेरिकन कायदा लेखाधिकार देत नाही. १९७८ मध्ये तेथील अपील न्यायालयानेही तेच ठरविले. १९७४ साली झाफ यांनी वॉशिंग्टनला जाऊन संरक्षणाची मागणी केली होती, आणि १९९३ मध्ये नक्कल करणाऱ्या सभासदांकडे डोळेझाक होते म्हणून अक्षररचनाकारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा राजीनामा दिला. वर्णमाला सर्वांची, हे मान्य. परंतु एकाने वर्षे घालवून काढलेले वळणही सर्वांचेच, हा न्याय मला पटत नाही. जर्मनीने १९८१ मध्ये स्वतंत्र कायदा करून मर्यादित मुदतीचे संरक्षण दिले, ते अधिक शहाणपणाचे.

झाफ २०१५ साली वारले. ॲपलच्या संगणकांवर ही अक्षरमाला निवडून तिचे नाव रोमन लिपीत टंकले, की ती सातही अक्षरे एकमेकांत गुंफून एकच सही उमटते.