व्हॉल्व्ह कंडेन्सर मायक्रोफोन : गायनमुद्रणासाठी निवड

धारित्राच्या तत्त्वावर आवाज टिपणारा आणि कॅप्सूलमधला क्षीण संकेत निर्वात नळीच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या साहाय्याने पुढे पाठवणारा मायक्रोफोन. स्टुडिओत त्याला सरसकट ‘ट्यूब माइक’ म्हणतात. एकल गायनाच्या मुद्रणासाठी तो विशेष वापरला जातो.

रचना व कार्य : सोन्याचा मुलामा दिलेले काही मायक्रॉन जाडीचे प्लास्टिकचे पटल आणि त्यामागची छिद्रे असलेली धातूची चकती मिळून कॅप्सूल बनते. मोठ्या पटलाच्या मायक्रोफोनात पटलाचा व्यास साधारण २५ मिमी. असतो. दोहोंमध्ये बहुधा ६० व्होल्टच्या आसपास दाब राखलेला असतो. आवाजाने पटल हलले की मधले अंतर बदलते आणि त्याप्रमाणे विद्युत् दाब बदलतो. कॅप्सूलची धारिता जेमतेम काही दशक पिकोफॅरड असल्याने तिचा संकेत थेट लांब केबलमध्ये सोडल्यास जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून व्हॉल्व्ह कॅप्सूललगतच बसवतात व त्यापुढे बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो.

व्हॉल्व्हच्या तंतूला तापण्यासाठी वीज लागते. ईएफ८६ या व्हॉल्व्हच्या तंतूला ६.३ व्होल्टवर ०.२ अँपिअर, म्हणजे १.२६ वॅट लागतात. मिक्सरमधून मिळणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पुरवठ्यातून जास्तीत जास्त ०.१७ वॅट निघतात. त्यामुळे अशा मायक्रोफोनसोबत वीजपुरवठ्याची स्वतंत्र पेटी आणि बहुधा सहा-सात पिनांची केबल येते. फँटमवर चालणारी मॉडेले अपवादात्मक आहेत.

इतिहास : कंडेन्सर मायक्रोफोन ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये अमेरिकेत तयार केला. बर्लिनमध्ये गेओर्ग नॉयमान यांनी १९२८ मध्ये कंपनी काढून बाटलीच्या आकाराचा सीएमव्ही ३ बाजारात आणला. त्याच कंपनीच्या यू४७ मध्ये (१९४९ च्या सुमारास) एम७ कॅप्सूल व टेलिफुंकेनचा व्हीएफ१४ व्हॉल्व्ह होता. या व्हॉल्व्हचे उत्पादन थांबल्यावर पर्याय शोधणे भाग पडले आणि १९६० मध्ये यू६७ आला. त्यात सहज मिळणारा ईएफ८६ वापरला होता आणि मंद्र स्वर कमी करण्याची व संकेत १० डेसिबलने उतरवण्याची सोय मायक्रोफोनवरच होती. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा सी१२ (१९५३) दूरच्या पेटीवरून नऊ दिशिक आकृतिबंधांत बदलता येई. टेलिफुंकेनचा ईएलए एम २५१ हाही एकेजीनेच बनवला. १९६७ च्या यू८७ मध्ये ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हची जागा घेतलेली होती. पुढे जुन्या व्हॉल्व्ह मायक्रोफोनांना मागणी वाढली, नव्या प्रतिकृती निघू लागल्या आणि २०१८ मध्ये नॉयमानने यू६७ पुन्हा बाजारात आणला.

महाराष्ट्रात : मुंबईतील चित्रपटगीतांच्या मुद्रणात दीर्घकाळ गायक व वादक एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत. दूरत्वाचा परिणाम साधण्यासाठी ‘महल’ (१९४९) मधील ‘आयेगा आनेवाला’च्या वेळी लता मंगेशकर लांबून गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्याचे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. कोणते उपकरण वापरले यापेक्षा त्यापासूनचे अंतर निर्णायक ठरू शकते, हे या उदाहरणातून दिसते.

निवडीचे निकष : (१) आवाजाची जात. यू६७ चे कॅप्सूल वरच्या कंप्रतांना उठाव देते व मूळ मंडल तो सावरून घेते. तशाच कॅप्सूलच्या काही स्वस्त प्रतिकृतींत हे सावरणे नसते आणि टोकदार आवाज आणखी बोचरा होतो. मराठीत ‘चूल’, ‘चांदणं’ यांतील दंततालव्य च, तसेच स आणि श यांचा सीत्कार तीव्र असल्याने हा दोष मराठी गाण्यात लवकर कानाला लागतो. भ, फ, प या ओष्ठ्य वर्णांच्या फुंकेसाठी जाळी लागतेच.

(२) गायनप्रकार. शाहिराच्या पोवाड्यातील तार सप्तकाची फेक मोठी असते. तेथे संकेत उतरवण्याची सोय हवी. भजन-भारुडात टाळांचे तीक्ष्ण आघात गळ्याच्या मायक्रोफोनात घुसतात. मायक्रोफोन आठाच्या आकृतिबंधावर ठेवून पखवाज व टाळ त्याच्या बाजूंना बसवल्यास त्यांची गळती बरीच घटते. एकाच दिशेच्या आकृतिबंधात तोंड जवळ आले की मंद्र स्वर फुगतात. साधारण वीतभर अंतर ठेवल्यास हा फुगवटा आटोक्यात राहतो.

(३) खोली. संवेदनशील मायक्रोफोन खोलीचा गुंजारवही तितक्याच निष्ठेने टिपतो. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा आणि बाहेर महामार्ग असेल तर महागडे उपकरण तोट्याचे ठरते. पैठण तालुक्यातील पाचोड छत्रपती संभाजीनगर–बीड महामार्गावर आहे. अशा गावी संत एकनाथांची भारुडे मुद्रित करायची तर ट्रकांची खालच्या पट्टीतील घरघर मंद्र-छाटणीशिवाय सुटत नाही. आधी गाद्या-गोधड्यांनी खोली मुकी करणे आणि मग उरलेल्या पैशांत मायक्रोफोन पाहणे हा क्रम व्यवहार्य मानला जातो.

(४) वीज. अर्थिंगच्या अभावामुळे ५० हर्ट्‌झची गुणगुण येते. पुरवठ्यात चढउतार असल्यास स्टॅबिलायझर आणि शुद्ध साइन-तरंगाचा इन्व्हर्टर लागतो. चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर भणभण वाढू शकते.

(५) स्वतःचा खरखराट. आलापाच्या दोन स्वरांमधील शांततेत तो उघडा पडतो. ए-भारित मोजमापात तो जितका कमी तितका चांगला.

चाचणी : एकाच गायकाकडून, एकाच अंतरावर, एकच ओळ मंद्र, मध्य व तार सप्तकांत मुद्रित करून तुलना करतात. मायक्रोफोन अर्धा तास तापू देणे इष्ट. तुलनेआधी सर्व मुद्रणांची पातळी समान करणे आवश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज बहुधा अधिक चांगला वाटतो. अंतिम निवड सुटा आवाज ऐकून न करता पेटी-तबल्यासह ऐकून करावी.

मतभेद : व्हॉल्व्हमुळे आवाजाला ‘ऊब’ येते असे सांगितले जाते. मर्यादेत वापरलेल्या व्हॉल्व्हचे विरूपण अल्प असते, त्यामुळे या गुणाचे श्रेय कॅप्सूल व ट्रान्सफॉर्मर यांना अधिक द्यावे, असे काही तंत्रज्ञांचे मत आहे.

देखभाल : पावसाळ्यात पटलावर ओल व धूळ साचली की कॅप्सूलमधून विद्युत् गळती होते व चरचर ऐकू येते. वापर नसताना सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवतात. पटलाला बोट लावू नये. केबल काढण्यापूर्वी वीजपुरवठ्याची पेटी बंद करून काही मिनिटे थांबतात.

किंमत : प्रतिकृती काही हजार रुपयांपासून, मूळ जुने नमुने कित्येक लाखांना.