निनावी तक्रारींचा पाव शतकाचा प्रवास

2000 सालच्या मार्चमध्ये अमेरिकेतला नॅसडॅक निर्देशांक शिखराला पोहोचला आणि तिथून घसरू लागला. डॉट-कॉम कंपन्यांतल्या ज्या इंजिनिअरांना कालपर्यंत शेअर्सची स्वप्नं दाखवली जात होती, त्यांच्यावर आता कपातीची कुऱ्हाड कोसळू लागली. त्याच वर्षी फिलिप कॅप्लन या तरुण प्रोग्रामरने एक साइट काढली. तिचं नाव म्हणजे ‘फास्ट कंपनी’ या उद्योगविषयक मासिकाच्या नावाचं शिवराळ विडंबन होतं. पुढची कोणती कंपनी बुडणार यावर तिथे गुणांच्या पैजा लागत. मात्र तिचं खरं बळ होतं आतल्या माणसांनी नाव न देता पाठवलेल्या खबरांत आणि मेमोंत. कँटीनच्या टेबलावरची कुजबुज पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर चारचौघांत आली.

त्या कुजबुजीला शिस्त लावली ती ग्लासडोर या साइटने. तिच्या एका संस्थापकाकडून पूर्वीच्या नोकरीत एका कर्मचारी-सर्वेक्षणाचे निकाल चुकून प्रिंटरवरच राहिले होते. ते कागद कोणी उचलून जगापुढे मांडले असते तर, या गप्पांतून कल्पना निघाली. रिच बार्टन, रॉबर्ट होमन आणि टिम बेसी यांनी 2007 मध्ये कंपनी स्थापन केली आणि जून 2008 मध्ये साइट सुरू झाली.

फॉर्म साधा होता. एक ते पाच तारे द्यायचे, मग चांगलं काय, वाईट काय आणि वरिष्ठांना सल्ला काय, ते लिहायचं. दुसऱ्यांचं मनसोक्त वाचायचं तर आधी स्वतःचा पगार किंवा अनुभव द्यायचा. नोकरीच्या बाजारात तोवर पारडं एकीकडे झुकलेलं होतं. कंपनी उमेदवाराचा जुना पगार विचारी, मागच्या ऑफिसात चौकशी करी. उमेदवाराच्या हाती मात्र कंपनीने स्वतःबद्दल लिहिलेलं तेवढंच असे. आता मुलाखतीला जाण्याआधी त्या हुद्द्याचा पगार किती आणि रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं का, हे तिथे काम केलेल्या माणसाकडून कळू लागलं. कामगाराच्या दृष्टीने ही मोठीच कमाई होती.

पण ग्लासडोरला पैसे मिळत ते नोकऱ्यांच्या जाहिराती देणाऱ्या कंपन्यांकडून, म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिलं जाई त्यांच्याचकडून. 2018 मध्ये जपानच्या रिक्रूट समूहाने 1.2 अब्ज डॉलरना ही कंपनी विकत घेतली. पुढच्याच जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने 400 हून अधिक कंपन्यांच्या पानांवर पाच ताऱ्यांच्या रिव्ह्यूंना अचानक आलेला संशयास्पद पूर उघड केला.

दक्षिण कोरियात 2013 मध्ये ‘ब्लाइंड’ हे अ‍ॅप आलं. ऑफिसच्या ईमेलवर आलेला कोड टाकून आत शिरायचं आणि मग टोपणनावाने बोलायचं, अशी त्याची रीत. डिसेंबर 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर कोरियन एअरच्या अध्यक्षांच्या मुलीने, जी स्वतः कंपनीची उपाध्यक्ष होती, मॅकाडेमिया नट्स बशीऐवजी पाकिटात दिल्याच्या रागात धावपट्टीकडे निघालेलं विमान मागे फिरवायला लावलं. कर्मचाऱ्यांनी ही हकीकत ब्लाइंडवर मांडली आणि देशभर गहजब झाला. नाव देऊन हे बोलण्याची हिंमत त्या कंपनीत किती जणांना झाली असती?

निनावीपणाच्या त्या आडोशाला तडेही गेले. 2018 च्या अखेरीस ब्लाइंडचाच एक सर्व्हर पासवर्डशिवाय उघडा राहिल्याचं समोर आलं. त्याआधी, 2017 मध्ये, एका सरकारी कंत्राटदाराच्या चौकशीत त्याच्याविषयी लिहिणाऱ्या आठ जणांची ओळख ग्लासडोरने द्यावी, यावर अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. 2022 मध्ये न्यूझीलंडच्या झुरू या खेळणी कंपनीला बदनामीचा दावा लावायचा होता. ग्लासडोरने टीका करणाऱ्यांची माहिती तिला द्यावी, असा आदेश कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने काढला. मार्च 2024 मध्ये तर ग्लासडोरनेच एका महिलेच्या प्रोफाइलवर तिचं खरं नाव परस्पर चढवल्याचा प्रकार गाजला. तिने मदतीसाठी पाठवलेल्या ईमेलवरून ते उचललेलं होतं. शेवटी तिने खातंच मिटवलं.

आपल्याकडे हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत ऑफर लेटर हाती पडलं की ‘अ‍ॅम्बिशनबॉक्स’ उघडलं जातं. ते नोकरी डॉट कॉमच्या इन्फो एज कंपनीचं आहे. इथे लिहिणाऱ्यापुढे आणखी एक भीती असते: भारतात बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. टाकलेली माहिती किती काळ जपली जाते आणि कोणी मागितली तर लिहिणाऱ्याला आधी कळवलं जाईल का, हे या साइट्सनी फॉर्मच्या वरच सोप्या मराठीत, हिंदीत सांगायला हवं. तोवर लिहिणारा आपल्यापुरती काळजी घेतो. नोटीस पिरियड संपवतो, रिलीव्हिंग लेटर पदरात पाडून घेतो, फुल अँड फायनलचे पैसे खात्यात जमा होऊ देतो आणि मगच त्या मॅनेजरबद्दल लिहायला बसतो.