बिल्हणाचा अठरावा सर्ग

१८७४ साली गेओर्ग ब्यूलर आणि हेर्मान याकोबी यांना जैसलमेरच्या जैन ग्रंथभांडारात ‘विक्रमाङ्कदेवचरिता’ची ताडपत्रावरची पोथी मिळाली. पुढच्याच वर्षी ब्यूलरने ते काव्य मुंबईत छापून काढले. नायक कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य, कवी काश्मीरचा बिल्हण. कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येचे, चंद्रलेखेचे, स्वयंवरही यात आहे. पण राजचरित्राचा भाग जपूनच वाचायला हवा. थोरल्या भावाला हटवून गादीवर बसलेल्या राजाला पदरचा कवी दोष थोडाच देणार?

अठराव्या सर्गात बिल्हण स्वतःबद्दल लिहितो. गाव खोनमुख; एका अंगाला केशर, दुसऱ्या अंगाला द्राक्षे. जवळच जयवनात तक्षक नागाचे कुंड. वडील ज्येष्ठकलश महाभाष्याचे व्याख्याते, आई नागादेवी. हे वर्णन पडताळून पाहता येते. ब्यूलर १८७५मध्ये काश्मीरला गेला, तेव्हा श्रीनगरजवळचे खोनमोह ते हेच, अशी त्याची खात्री पटली. जयवन म्हणजे आजचे झेवन.

घर सोडल्यावर मथुरा, कनौज, प्रयाग, काशी, मग डाहलच्या कर्ण राजाचा दरबार, पुढे गुजरात आणि सोमनाथ. गुजरातेवर त्याचा भारी राग; तिथले लोक कासोटासुद्धा घालत नाहीत, म्हणतो! शेवटी दक्षिणेत विक्रमादित्याने त्याला ‘विद्यापती’ केले.

याला दुसरा साक्षीदार आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ‘राजतरंगिणी’त कल्हण सांगतो, की काश्मीरच्या कलश राजाच्या राज्यात बिल्हण काश्मीर सोडून गेला, कर्णाटाच्या पर्माडी राजाने त्याला विद्यापती केले आणि राजापुढे तो छत्र धरलेल्या हत्तीवरून मिरवला. पर्माडी हे विक्रमादित्याचेच नाव. पुढे कलशाचा मुलगा हर्ष कवींचा मोठा आश्रयदाता निघाल्याचे कानावर आले, तेव्हा बिल्हणाला आपले ते वैभव फोल वाटले, असेही कल्हण लिहितो. बिल्हणाच्या सर्गात मात्र हर्ष अजून राजपुत्रच आहे. तो १०८९मध्ये गादीवर आला. म्हणजे काव्य त्याआधीचे.

राहिली बिल्हणाच्याच नावावर असलेल्या ‘चौरपञ्चाशिका’ या काव्याभोवतीची दंतकथा: राजकन्येशी प्रेम, देहदंड, कविता ऐकून मिळालेली क्षमा. अठराव्या सर्गात तिचा मागमूस नाही. एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असले प्रकरण कवी दडवीलही. पण कथेच्या वेगवेगळ्या पाठांत राजा वेगळा, राज्यही वेगळे. एका पाठात अणहिलवाड, दुसऱ्यात पांचाल.