पदव्या पाठ आहेत, मधली वर्षे?

बाबासाहेबांच्या पदव्या आपल्याला तोंडपाठ आहेत. त्यांच्या मधली वर्षे मात्र आपण मोजत नाही. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते परतले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. नोव्हेंबर १९१८ पासून त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून झाल्यावर, १९२७ मध्ये पदरात पडली.

बुद्धी त्यांची होतीच. पण दार उघडे राहिले, हेही तितकेच खरे. पुढे १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ कॉलेजचे वर्ग सकाळी भरत, ते नोकरी करणाऱ्या मुलांसाठीच.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी. आहे; पण नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कंत्राटी कामगाराने ते कोणाकडून आणायचे? म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी: खंड पडला तरी नोंदणी टिकावी, मार्गदर्शन सुट्टीच्या दिवशीही मिळावे, अर्धवेळ संशोधकालाही आर्थिक आधार असावा.

जय भीम!